श्रीविद्याचा चातुर्मास

श्रीविद्या जेवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यात आधी तिच्या आईला कळलं, आणि त्या आईला गप्प बसवलं ते मी. हे आधीच सांगून टाकते. नंतरसाठी ठेवलं तर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. मुलाचं उत्तर कुठल्या पायरीवर चुकलं ते मला वही उलटी धरूनही दिसायचं. घरातलं दिसलं नाही. दिसलं नाही म्हणते तेही खोटंच. दिसलं होतं.

मी नागरत्ना. श्रीविद्या माझ्या धाकट्या भावाची, विजयेंद्रची, एकुलती एक मुलगी. मी लग्न केलं नाही, भावाकडेच राहिले. आम्ही पाच-सहा पिढ्यांचे म्हैसूरकर. घरात मराठी, पण त्यात निम्मी कन्नड. पुण्याचा पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून आधी हसतो, मग जेवतो. विजयेंद्र हेब्बाळला कारखान्यात. हूटगळ्ळीला त्यानं घर बांधलं आणि बांधतानाच सांगितलं, "स्वयंपाकघर आणि देवघर अक्का म्हणेल तसं." अक्का म्हणजे मी. झालं, तेव्हापासून त्या घरात काय शिजणार आणि कुणी शिजवायचं, हे मी ठरवायची.

आम्ही माध्व. आमची एकादशी म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीला पहाटे पारणं, म्हणजे उपास सोडायचा. विजयेंद्रची बायको विभावरी सांगलीची. तिच्या माहेरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर दाण्याचा लाडू. लग्न होऊन आली त्या पहिल्याच एकादशीला तिनं मला भाबडेपणानं विचारलं, "वन्सं, फराळाला काय करू?" मी अशी हसले, अशी हसले, की बिचारी रडकुंडीला आली. तो किस्सा मी वीस वर्षं येईल त्याला ऐकवत होते.

श्रीविद्या आज पंचवीस वर्षांची आहे. बेंगळूरला नोकरी करते, तीन वेळा जेवते असं विभावरी सांगते. विभावरीला ती रोज फोन करते. मला करत नाही. माझी तक्रार नाही.

लहानपणी पोरीला खाण्याची कोण आवड! शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी "अत्या, काय केलंयस?" चित्रान्नातले शेंगदाणे वेचून वेचून बाजूला ठेवायची आणि शेवटी मूठभर एकदम तोंडात कोंबायची. दसऱ्यात बन्नीमंटपला मशालींची कवायत बघायला बापाच्या खांद्यावर बसून जायची, आणि घरी आल्यावर मशाली राहिल्या बाजूला, तिथं मिळालेल्या कणसाचंच वर्णन. अंगानं गुटगुटीत. हसली की डोळे मिटायचे. माझं तिच्यावर विभावरीहून जास्त प्रेम आहे, असं मला त्या वेळी वाटायचं. कशाच्या जोरावर वाटायचं, देव जाणे.

ती सोळा वर्षांची असताना दसऱ्यात आमच्याकडे बाहुल्या मांडल्या होत्या. हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या, दूरचे काका तिरुमलराव पण आले होते. श्रीविद्यानं पहिल्यांदा लंगा-दावणी, म्हणजे परकर-ओढणी, नेसली होती, हिरवी, जरीच्या काठाची. मिरवत बाहेर आली. तिरुमलराव म्हणाले, "अय्यो, केवढी दप्प झाली ही! विजयेंद्रा, दाराची चौकट मोठी करून घे." दप्प म्हणजे जाड. सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसले. का हसले मी? सवय. चारचौघांत कुणी कुणाच्या अंगावरून बोललं की हसायचं, म्हणजे आपल्यावर येत नाही. श्रीविद्याही हसली. मग आत गेली आणि पंजाबी ड्रेस घालून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोवळ्यात नारळ खवत होते. ती उंबऱ्याबाहेर येऊन बसली. म्हणाली, "अत्या, मला खायचं नसलं तरी आई वाढते. नाही म्हटलं की सगळे विचारतात, काय झालं, बरं नाही का. काय करू?"

मी काय सांगायला हवं होतं? तिरुमलरावांना खड्ड्यात घाल, म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "एकादशी धर. देवाचं नाव घेतलं की कुणी वाढत नाही, आणि कुणी बोलतही नाही."

जीभ झडो माझी. हे मला कसं माहीत होतं तेही सांगते. मी बावीस वर्षांची असताना मला बघायला चार ठिकाणची मंडळी आली. चारही ठिकाणांहून एकच निरोप, मुलगी शिकलेली आहे, पण अंगानं भारी आहे. चौथा निरोप आला त्या आठवड्यात मी एकादशी धरली, मग गुरुवार धरला, मग चातुर्मास. लग्न जमलं नाही, पण माझ्या ताटाकडे बघून बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली. उलट लोक पाया पडायला लागले. नागरत्नेचा आचार बघा, म्हणायला लागले. ते औषध मी माझ्या भाचीला दिलं.

तिनं एकादशी धरली. पहिल्याच खेपेला चोवीस तास पाणीसुद्धा नाही, आणि चेहरा हसरा. मला कोण अभिमान! पुढच्या वर्षी म्हणाली, मला चातुर्मास करायचाय. आमच्यात चातुर्मासात एकेक महिना एकेक वस्तू वर्ज्य असते. पहिल्या महिन्यात भाज्या-फळं नाहीत, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही, चौथ्यात डाळी नाहीत. महिना संपला की ती वस्तू पानात परत येते, हा त्यातला शहाणपणा आहे. श्रीविद्याच्या पानातून एकदा गेलेलं परत येत नसे. भाज्या सुरू झाल्या, तिनं घेतल्या नाहीत. दही सुरू झालं, नको म्हणाली. कार्तिक येईपर्यंत पानात उरायचा थोडा भात आणि पातळ सारू. मी म्हणायची, पोर व्रतात स्वतःची भर घालते. नातेवाइकांना फोन करकरून सांगायची. मठात नेलं तेव्हा सगळ्यांसमोर तिचं कौतुक झालं. या वयात एवढा आचार, म्हणाले. तेच तिरुमलराव आपल्या मुलींना म्हणाले, "बघा, श्रीविद्याकडून शिका काहीतरी."

तेव्हा विभावरी बोलली. एका दुपारी दुधाचा पेला घेऊन श्रीविद्याच्या खोलीत गेली आणि तसाच भरलेला परत घेऊन आली. माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. म्हणाली, "वन्सं, ही व्रत करत नाहीये. ही जेवत नाहीये. तिचे केस बघा न्हाणीत, जाळीत गोळा होतात. जिना चढताना थांबते. तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगा तिला."

मी म्हटलं, "साबुदाण्यावर वाढलेल्यांनी आम्हाला एकादशी शिकवू नये."

विभावरीचा चेहरा एवढा एवढासा झाला. तिनं तो पेला सिंकमध्ये ओतला. संध्याकाळी तिनं विजयेंद्रकडे विषय काढला असणार, कारण तो कंपनीच्या बसमधून उतरून, चपला काढता काढता मला म्हणाला, "अक्का, श्रीविद्याचं जरा बघ हं." मी म्हटलं, "बघतेय." तो म्हणाला, "मग झालं." माझा भाऊ गरीब गाय आहे, त्याला काय बोलू.

तिच्या चौथ्या चातुर्मासाचं सांगायला मला जड जातंय. पण तेच सांगायला बसलेय.

आमच्या घरात बायकांचे ते चार दिवस अजून पाळतात. म्हणजे मीच पाळायला लावायची. त्या दिवसांत स्वयंपाकघरात यायचं नाही, देवघरात यायचं नाही, बाजूला बसायचं. चातुर्मासात सोवळ्यातला स्वयंपाक रोजचा, म्हणून कुणाचे दिवस कधी, हे मला पाठ असायचं. त्या वर्षी श्रीविद्या माझ्याबरोबर सोवळ्यात स्वयंपाकाला उभी राहायची. आषाढ गेला, ती बाजूला बसली नाही. श्रावण गेला. भाद्रपद गेला. मला एवढं सोयीचं झालं म्हणून सांगू! मी मनात म्हटलं, पोरीच्या सेवेत खंड पडू नये ही देवाचीच इच्छा. नैवेद्य दाखवताना मी हात जोडून देवाचे आभार मानले हो! ओल्या सोवळ्यात तिच्या गळ्याची हाडं वर आलेली दिसायची. मी त्याला तेज म्हणायची.

कार्तिकातली द्वादशी, तुळशीच्या लग्नाचा दिवस. पहाटेचं पारणं व्हायचं होतं. श्रीविद्या तीर्थाचं भांडं घेऊन तुळशीकडे निघाली, दोन पावलं गेली आणि खाली बसल्यासारखी झाली. मला वाटलं नमस्कार करतेय. मी म्हटलंसुद्धा, "आधी भांडं खाली ठेव गं." ती आडवी झाली. भांडं गडगडत फाटकापर्यंत गेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, नाडी पुन्हा पुन्हा बघितली, कसल्या कसल्या पट्ट्या लावल्या. मग आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, "हिची पाळी शेवटची कधी आली होती?" विभावरीला सांगता येईना. तिनं माझ्याकडे बघितलं. घरातला तो हिशेब माझ्याकडे होता ना. मी म्हटलं, "जूनमध्ये."

"आता नोव्हेंबर आहे," बाई म्हणाल्या. "पाच महिने तुम्हाला माहीत होतं?"

विभावरी भिंतीला टेकली. बाई सांगत होत्या, शरीर उपाशी राहिलं की आधी पाळी बंद करतं, मग हृदयावर येतं. हे व्रत नाही, हा आजार आहे, आणि यात माणसं जातात. मी सगळं ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की मी आभार मानले. पोरगी आतून विझत होती, आणि मी आभार मानले.

आठ दिवसांनी ती घरी आली. पूजिता नावाच्या समुपदेशक मुलीकडे दर आठवड्याला न्यायचं ठरलं. पूजितानं आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, श्रीविद्याबरोबर दुपारी कुणीतरी एकानं जेवायचं. तेच जेवण, त्याच वेळी, समोरासमोर बसून. आग्रह नाही, रडणं नाही, नुसतं सोबत जेवायचं. मग श्रीविद्याला विचारलं, कुणाबरोबर जेवशील? आई पाण्याचा पेला सरकवत होती, तिच्याकडे पोरीनं बघितलंही नाही. म्हणाली, "अत्याबरोबर."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एवढं होऊनही तिनं मला निवडलं, याचा आनंद झाला. विभावरीचं काय झालं असेल, याचा विचार मी केला नाही.

पहिला दिवस मंगळवार होता. मी सगळं सोवळं-ओवळं बाजूला ठेवून भात, वरण, बीन्सची भाजी केली. दोन ताटं वाढली. ती बसली, मी बसले. तिनं भात कालवला. एक घास घेतला. खरंच घेतला! चावायला तिला केवढा वेळ लागला, पण गिळला. मग माझ्याकडे बघितलं. माझं ताट जसंच्या तसं.

माझा हात उचलला जाईना. आता हे कुणाला सांगून पटणार नाही. मी बावीस वर्षांची असल्यापासून कुणासमोर पोटभर जेवलेले नाही. पंगतीत चिवडल्यासारखं करायचं, "माझं झालंय" म्हणायचं, उठायचं. आणि सगळे कामाला गेले की स्टोअरच्या खोलीत, उभ्यानं, डब्याचं झाकण हातात धरून कोडबळी, चकल्या, लाडू, हाताला लागेल ते, चव न घेता, दार अर्धं लावून. मग डबे सारखे करून ठेवायचे, पातळी दिसू नये म्हणून तळाशी कागद घालायचा. अडतीस वर्षं. त्या मंगळवारीही सकाळी मी तेच करून आले होते. आणि आता या पोरीच्या डोळ्यांसमोर एक घास घ्यायचा, तर हात परक्या बाईचा झाला होता.

"तू जेव गं," मी म्हटलं. "मी नंतर जेवेन."

"पूजिता म्हणाली, बरोबर."

"हो, पण मला सवय नाही ना."

श्रीविद्यानं हात ताटात ठेवला. मला नीट बघून विचारलं, "अत्या, तुला भूक लागत नाही?"

तिनं सरळ विचारलं होतं. मी सरळ सांगायचं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, दार बंद होतं, सांगितलं असतं तर कुणाचं काय जाणार होतं? माझी अब्रू जाणार होती. चाळीस वर्षं लोक पाया पडत होते, ती अब्रू.

"नाही गं," मी म्हटलं. "आता लागतच नाही."

"मलाही होईल सवय," ती म्हणाली. कौतुकानं म्हणाली! मग म्हणाली, "साकु," आणि ताट सरकवून उठली. साकु म्हणजे पुरे.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला बसली नाही. तिसऱ्या दिवशी खोलीचं दार उघडेना. विभावरीनं विनवण्या केल्या, विजयेंद्र आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. काय झालं, बसली होती ना पहिल्या दिवशी, सगळे मला विचारत होते. मी म्हणत राहिले, "कुणास ठाऊक, चांगला घास घेतला होता की." दहाव्या दिवशी तिला पुन्हा दाखल केलं. या वेळी नाकातून नळी घालावी लागली. डॉक्टरीणबाई विजयेंद्रला बाजूला घेऊन हळू बोलत होत्या, आणि तो नुसता मान हलवत होता.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. तोंडानं खाणं जमतंय का बघू, म्हणाले. विभावरी डबा घेऊन आली होती. श्रीविद्यानं तोंड फिरवलं. विभावरी डबा घेऊन बाहेर गेली, आणि मी आत गेले. मी ठरवून गेले होते असं नाही. तिचं मनगट दिसलं, त्यावर चिकटपट्टी लावायलाही जागा नव्हती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी खोटं बोलले तुझ्याशी. मला भूक लागते. रोज लागते. स्टोअरमध्ये उभी राहून चोरून खाते मी."

तिनं मान वळवली. "कधीपासून?"

"तू जन्मायच्या आधीपासून."

"एकादशीला?"

देवाशप्पथ सांगते, डॉक्टरांच्या प्रश्नाला मी भ्याले नव्हते एवढी या प्रश्नाला भ्याले. "एकादशीलाही," मी म्हटलं. "पुष्कळदा."

ती छताकडे बघायला लागली. मला वाटलं, हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. कुठून काढला तेवढा जोर कोण जाणे, पण सावकाश, एकेक शब्द मराठीत शोधत बोलली.

"मला एकादशीला सकाळी आठपासून भूक लागायची, अत्या. देवासमोर बसले तरी लागायची. तू समोर बसलेली असायचीस, शांत. मला वाटायचं, अत्याला लागत नाही, मलाच लागते, म्हणजे माझ्यातच काहीतरी घाण आहे. म्हणून मी आणखी कमी केलं. म्हणजे जाईल असं वाटलं." मग म्हणाली, "एकदा सांगायचंस की गं."

मला तिचा हात धरायचा होता. तिनं तो चादरीखाली घेतला. "तू जा आता," म्हणाली.

बाहेर बाकावर विभावरी बसली होती. दार उघडंच होतं, तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले. तिनं मला शिव्या द्याव्यात असं मला फार फार वाटत होतं. साबुदाण्याचं काढावं, दुधाच्या पेल्याचं काढावं, माझी मुलगी तुम्ही खाल्लीत म्हणावं. तिनं डोळे पुसले आणि मला विचारलं, "वन्सं, जेवलात?"

माझं झालंय, हे शब्द सवयीनं ओठांवर आले होते. मी म्हटलं, "नाही."

तिनं सरकून जागा केली. श्रीविद्यासाठी आणलेला डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला. मऊ भात होता, वरण होतं, वर चमचाभर तूप. येणारे-जाणारे बघत होते. मी बसून, सगळ्यांसमोर, रडत रडत तो डबा संपवला. आत श्रीविद्यानं त्या दिवशी काही खाल्लं नाही.